पार्सलावरील धोक्याच्या खुणा

काशीयात्रा करून परतणारा यात्रेकरू गंगेचे पाणी तांब्याच्या गडूत भरून आणीत असे आणि त्या गडूचे तोंड झाळून पक्के बंद केलेले असे. गडूवर कोणतीही चिठ्ठी नसे. तिची गरजही नव्हती. तो आकार व ते झाळलेले तोंड पाहताच आत काय आहे आणि ते कसे हाताळावे, हे घरातील लहान मुलालाही उमगत असे. आज त्याच काशीहून, म्हणजे वाराणसीहून, निघणाऱ्या पार्सलांची गोष्ट अगदी वेगळी आहे. कुंजगलीतून रेशमी साड्यांचे गठ्ठे निघतात, कश्मीरीगंज व खोजवाँ भागांतून लाखेचे रंग चढवलेली लाकडी खेळणी, ठठेरी बाजारातून पितळी भांडी, आणि शेजारच्या भदोहीहून गालिच्यांच्या गाठी. उलट दिशेने शहरात रंग व थिनर येतात, सोनारांना लागणारी अम्ले येतात, ई-रिक्षांच्या बॅटऱ्या येतात, रुग्णालयांची औषधे येतात. या साऱ्या वस्तू पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी पेटीत एकदा शिरल्या की बाहेरून जवळजवळ एकसारख्या दिसतात. ज्या हमालाने ती पेटी पाठीवर घ्यायची, त्याला आतील वस्तू दिसत नाही आणि पेटी उघडून पाहण्याचा त्याला अधिकार नाही. त्याच्या डोळ्यांपुढे असते ते फक्त लेबल. तेव्हा लेबल निवडणारा मनुष्य आपल्या दुकानात बसून, कधीही न भेटणाऱ्या दुसऱ्या मनुष्याच्या सुरक्षिततेचा निर्णय करीत असतो.

लेबलांच्या दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत हे पुष्कळ चुकांचे मूळ होय. पहिली जात हाताळणीच्या खुणांची. काचेचा पेला म्हणजे वस्तू नाजूक आहे. छत्री म्हणजे पाण्यापासून जपा. वर टोक केलेले दोन बाण म्हणजे ही बाजू वर ठेवा. या खुणा आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक ७८० मध्ये ठरवून दिलेल्या आहेत आणि भारतीय मानक क्रमांक १२६० मध्येही अशा चित्रांचा संग्रह आहे. अक्षरांऐवजी चित्रे वापरण्याचे कारण उघड आहे. वाराणसीत हिंदीत लिहिलेली सूचना चेन्नईच्या गोदामात निरुपयोगी ठरते, आणि ज्याला कोणतीच लिपी वाचता येत नाही त्याला ती कोठेही निरुपयोगीच असते. छत्री मात्र सर्वांना कळते.

या खुणांत काशीच्या मालाला सर्वांत उपयोगी पडणारी खूण बहुधा सर्वांत कमी लक्षात घेतली जाते. ती म्हणजे फुली मारलेला लोखंडी हूक. गोदीतील व मालधक्क्यावरील हमाल जड गाठ ओढण्यासाठी हाताचा हूक तीत रुतवतो. कापसाच्या गासडीला त्याने विशेष इजा होत नाही. परंतु विणकराने महिनेच्या महिने बसून गाठी मारलेल्या गालिच्यात, किंवा जरीच्या साड्यांच्या गठ्ठ्यात तोच हूक शिरला तर गोणपाटाखालचे नुकसान मुक्कामी गाठ सोडल्यावरच दिसते. अशा गाठीवर काचेचा पेला चिकटवून काहीच साधत नाही, कारण गालिचा फुटत नसतो. त्याला भय आहे ते हुकाचे व पाण्याचे; तेव्हा त्याच्यासाठी हूक व छत्री या दोनच खुणा योग्य. लेबल निवडण्याचा पहिला धडा येथेच मिळतो: वस्तू मौल्यवान आहे की नाही हा प्रश्न नसून तिला कशापासून अपाय आहे हा प्रश्न आहे. पुष्कळ व्यापारी ‘असलेली बरी’ म्हणून प्रत्येक पेटीवर पेल्याची खूण लावतात. त्याचा परिणाम एवढाच होतो की हमाल त्या खुणेकडे पाहणे सोडून देतो, आणि मग ज्या पेटीत खरोखर काचेचे मणी आहेत तीही इतरांबरोबर आपटली जाते.

दुसरी जात धोक्याच्या लेबलांची. पहिल्या जातीची खूण वस्तूला माणसापासून जपते. ही माणसाला वस्तूपासून जपते. हिचा आकारही म्हणूनच निराळा आहे. पत्त्यांतील चौकटीप्रमाणे एका कोपऱ्यावर उभा केलेला चौरस, प्रत्येक बाजू निदान १०० मिलिमीटर. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने १९५३ साली या विषयासाठी तज्ज्ञांची समिती नेमली आणि समितीच्या पहिल्या शिफारशी १९५६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. आज जगभर रेल्वे, जहाज, विमान व मोटार यांना लागू असणारे बहुतेक नियम त्याच शिफारशींतून वाढलेले आहेत. त्यांत सर्व धोकादायक पदार्थांचे नऊ वर्ग केले असून वर्गाचा अंक लेबलाच्या खालच्या कोपऱ्यात छापलेला असतो.

या लेबलांचे रंग शोभेसाठी निवडलेले नाहीत. नारिंगी रंग स्फोटकांचा. लाल रंग आगीचा: पेट घेणारे वायू व पेट घेणारे द्रव, म्हणजे थिनर, स्पिरिट, मद्यार्कात मिसळलेली अत्तरे. हिरवा रंग दाबाखाली भरलेल्या, पण न जळणाऱ्या व विषारी नसलेल्या वायूंचा. निळा रंग पाण्याशी संबंध येताच ज्वालाग्राही वायू सोडणाऱ्या पदार्थांचा; त्यांच्यावर आग विझवण्यासाठी पाणी ओतणे म्हणजे आगीला इंधन पुरवणे. पिवळा रंग अशा पदार्थांचा, जे स्वतः जळोत वा न जळोत, दुसऱ्याच्या ज्वलनाला प्राणवायू पुरवतात. विषासाठी पांढऱ्यावर कवटी व हाडे. दाहक पदार्थांसाठी वरचा अर्धा भाग पांढरा व खालचा काळा, आणि दोन नळ्यांतून हातावर व धातूवर ठिबकणारे थेंब. नवव्या वर्गाच्या लेबलावर वरच्या अर्ध्या भागात सात काळ्या उभ्या पट्ट्या असतात. ज्यांचा धोका आधीच्या आठांत बसत नाही ते या वर्गात येतात. येथे एक इशारा द्यावयास हवा. बाटलीवर लाल किनारीची, पांढऱ्या भूमीवर काळे चित्र असलेली जी चौकट आढळते, ती २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निराळ्या जागतिक पद्धतीतील असून ती बाटली उघडून वापरणाऱ्यासाठी आहे. तीच पेटीवर चिकटवून वाहतुकीचे लेबल लावले असे समजणे चूक होय.

एवढे कळले तरी निवड सोपी होत नाही, हे ई-रिक्षाच्या उदाहरणावरून दिसेल. वाराणसीच्या रस्त्यांवर ई-रिक्षा पुष्कळ धावतात. त्यांपैकी कोणाच्या आसनाखाली शिसे व गंधकाम्ल यांची जुन्या धर्तीची बॅटरी असते, तर कोणाच्या लिथियमची. दोघींचे काम एक, गिऱ्हाईक एक, आणि दुकानदाराच्या वहीत नावही एकच: ‘बॅटरी’. परंतु अम्लाने भरलेली शिशाची बॅटरी आडवी झाली तर आतील गंधकाम्ल सांडून हात भाजतो. म्हणून ती आठव्या वर्गात, दाहक लेबलाखाली जाते आणि तिच्या पेटीवर दोन बाणांची खूण अत्यावश्यक ठरते. लिथियम बॅटरीत सांडण्यासारखे फारसे काही नसते. पण ती ठेचली गेली किंवा तिची टोके एकमेकांना टेकली तर ती आतून तापत जाते, एका कोषाची उष्णता शेजारच्या कोषाला पेटवते आणि ही साखळी बाहेरून थांबवणे फार कठीण असते. ती नवव्या वर्गात, पट्ट्यांखाली जळत्या बॅटरीचे चित्र असलेल्या लेबलाखाली जाते. वस्तूचे बाजारातील नाव लेबल ठरवीत नाही. पेटी फुटली तर आत काय घडेल, ते लेबल ठरवते. हे समजण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक रसायनाबरोबर उत्पादकाने सुरक्षा-माहितीपत्रक द्यावयाचे असते आणि त्याच्या चौदाव्या भागात वाहतुकीचा वर्ग व चार अंकी राष्ट्रसंघ-क्रमांक दिलेला असतो. अम्लभरल्या शिशाच्या बॅटरीचा क्रमांक २७९४, सुट्या लिथियम-आयन बॅटरीचा ३४८०.

कधी कधी एकच पदार्थ, त्याच नावाचा, केवळ तीव्रता बदलल्याने लेबल बदलतो. नत्राम्ल, ज्याला बाजारात तेजाब म्हणतात, सोनारांना सोन्यातील हीण काढण्यासाठी लागते. ते ६५ टक्क्यांहून सौम्य असेल तर त्याला दाहकतेचे एक लेबल पुरते. ६५ टक्के किंवा त्याहून तीव्र झाले की दाहक लेबलाशेजारी ज्वलनपोषकाचे पिवळे लेबलही लावावे लागते, कारण ते लाकूड, गवत, कागद यांच्याशी भिडले तर आपल्या अंगचा प्राणवायू देऊन त्यांना पेटवू शकते. हे दुसरे लेबल वरवर पाहता जादा वाटेल. पण पेटीत बाटल्यांभोवती काय भरायचे, हे तेच सांगते.

३ नोव्हेंबर १९७३ रोजी पॅन अमेरिकन कंपनीचे एक मालवाहू बोइंग ७०७ विमान न्यूयॉर्कहून स्कॉटलंडकडे निघाले. त्यात रसायनांच्या पेट्या होत्या आणि काही पेट्यांत नत्राम्लाच्या बाटल्या लाकडाच्या भुशात बांधलेल्या होत्या. वाटेत विमानात धूर पसरला, वैमानिकांनी ते बॉस्टनकडे वळवले, पण धावपट्टीपाशी पोहोचण्यापूर्वीच ते कोसळले व तिघेही कर्मचारी मृत्यू पावले. अम्ल गळून भुशाशी त्याची क्रिया झाली, असा चौकशीचा निष्कर्ष होता. भुसा स्वस्त असतो, मऊ असतो, काचेला उत्तम जपतो. ज्याने तो भरला त्याने हाताळणीचा विचार नीट केला होता आणि धोक्याचा केला नव्हता.

लेबल जसे माणसाला सावध करते, तसे ते मालाचा शेजारही ठरवते. कोणती पेटी कोणत्या पेटीजवळ ठेवू नये, हे गोदामातला मनुष्य वर्गांच्या अंकांवरून पाहतो. या शेजाराचा विचार झाला नाही तर काय होते, ते मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके व दारूगोळा होता आणि त्याच जहाजात कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, तेलाची पिंपे व सोन्याच्या लगडीही होत्या. दुपारी कापसाने पेट घेतला. कापसाची आग धुमसत राहते, गासडीच्या आत शिरते, वरून पाणी मारून ती सहज विझत नाही. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. मृतांची संख्या आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितली जाते. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने गोदीत लाल निशाण लावावे, असा दंडक होता. त्या दिवशी ‘फोर्ट स्टिकिन’वर ते निशाण नव्हते. आग विझवण्यास धावून गेलेल्यांना जहाजाकडे पाहून काही समजावे अशी सोयच उरली नव्हती.

लेबल नसणे हा एक दोष. खोटे लेबल असणे हा त्याहून मोठा, कारण लेबल नसलेल्या पेटीविषयी थोडा संशय तरी राहतो. ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेट कंपनीचे विमान अमेरिकेतील मायामीहून अटलांटाकडे निघाले आणि थोड्याच मिनिटांत फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळले. आतील सर्व ११० माणसे मृत्यू पावली. विमानाच्या मालकोठीत पुठ्ठ्याच्या पेट्यांतून प्राणवायू निर्माण करणारी शंभराहून अधिक उपकरणे भरलेली होती. प्रवाशांच्या डोक्यावर असणारी ही लहानशी नळकांडी रासायनिक क्रियेने प्राणवायू देतात आणि क्रिया सुरू झाली की त्यांचे कवच शेकडो अंशांपर्यंत तापते. त्यांची मुदत संपलेली होती, पण त्यांतील रसायन संपलेले नव्हते; आणि खटका उडू नये म्हणून लावावयाच्या सुरक्षा-टोप्या त्यांवर बसवलेल्या नव्हत्या. मालाच्या कागदावर त्यांचे वर्णन ‘रिकामी’ असे केलेले होते. या एका शब्दाने पिवळ्या लेबलाचा प्रश्नच मिटवून टाकला. हा शब्द कोणी दुष्टपणाने लिहिला असे दिसत नाही. मुदत संपलेली वस्तू ही निकामी, आणि निकामी म्हणजे रिकामी, अशी ती समजुतीची घसरण होती. जुने पिंप, वापरलेला गॅसचा सिलिंडर, ‘मेलेली’ बॅटरी यांच्याविषयी आपल्याकडेही हीच समजूत सर्रास आढळते.

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएस कंपनीच्या मालवाहू विमानाला आग लागून दोन्ही वैमानिक मृत्यू पावले. विमानात लिथियम बॅटऱ्या मोठ्या संख्येने होत्या, आणि निदान तीन पार्सले अशी होती की ती नवव्या वर्गाची म्हणून घोषित व्हावयास हवी होती, पण झाली नव्हती. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास मनाई आहे. आपल्या देशात रेल्वेने जाणाऱ्या मालाविषयी १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचे ६७ वे कलम स्पष्ट आहे: धोकादायक माल देणाऱ्याने त्याचे स्वरूप लेखी कळवले पाहिजे आणि पेटीच्या बाहेर ते ठळकपणे दर्शवले पाहिजे. तसे न करणाऱ्यास १६४ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. विमानमालासाठी २००३ चे स्वतंत्र नियम आहेत.

सर्वांत काटेकोर लेबल मात्र सातव्या वर्गाचे. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र २०१९ साली सुरू झाले आणि ते मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राकडून चालवले जाते. कर्करोगाच्या निदानात व उपचारांत किरणोत्सर्गी औषधांना मोठे स्थान आहे. अशी औषधे देशभरातील रुग्णालयांना पुरवण्याचे काम विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ नवी मुंबईतील वाशी येथून करते. या मालाला गोदामात पडून राहणे परवडत नाही. आयोडीन-१३१ ची शक्ती आठ दिवसांत निम्मी होते, मॉलिब्डेनम-९९ ची ६६ तासांत. औषधाची कुपी शिशाच्या जाड भांड्यात व ते भांडे पेटीत असते, आणि पेटीवर तीन पात्यांची काळी खूण असलेले लेबल.

इतर वर्गांत लेबल निवडले जाते ते पदार्थ ओळखून. येथे ते मोजून निवडावे लागते. पेटीच्या पृष्ठभागावर किरणांची मात्रा ताशी ०.००५ मिलिसिव्हर्टच्या आत असेल तर पांढरे लेबल व एक लाल उभी रेघ. पृष्ठभागावर ती ०.५ पर्यंत असेल तर पिवळे लेबल व दोन रेघा. त्यापुढे २ पर्यंत तीन रेघा. शिवाय पेटीपासून एक मीटरवर ताशी मात्रा मोजून तिला १०० ने गुणावे लागते. येणाऱ्या संख्येला वाहतूक-निर्देशांक म्हणतात आणि ती संख्या पिवळ्या लेबलातील चौकोनात भरावी लागते. दोन रेघांच्या लेबलासाठी हा निर्देशांक १ च्या वर, आणि तीन रेघांच्यासाठी १० च्या वर जाता कामा नये. विमानात अशा पेट्या एकत्र ठेवताना हेच अंक बेरजेला घेतात. लेबलावर पदार्थाचे नाव व त्याची क्रियाशीलताही लिहिलेली असते. पेटीच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना अशी दोन लेबले लागतात, म्हणजे ती कशीही ठेवली तरी एक तरी दिसेल.

तीन पात्यांची ही खूण १९४६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रयोगशाळेत तयार झाली. ती ज्यांना शिकवली गेली आहे त्यांनाच ती कळते, ही तिची उणीव आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ११ देशांतील १६५० लोकांकडून, त्यांत भारतीयही होते, निरनिराळी चित्रे तपासून घेतली आणि २००७ साली एक नवी खूण जाहीर केली: लाल भूमीवर तीन पाती, कवटी व पळणारा मनुष्य. ती पार्सलासाठी नाही. प्रबळ उगमाच्या यंत्रावर, ते कोणी खोलू लागला तरच दिसेल अशा जागी ती लावावयाची असते. तिची निकड दिल्लीत २०१० साली दिसून आली. दिल्ली विद्यापीठाने सुमारे चाळीस वर्षांपूर्वी कॅनडातून आणलेले, पुष्कळ वर्षे बंद पडलेले कोबाल्ट-६० चे यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले. कोबाल्ट-६० ची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होते. चाळीस वर्षांत तिचा सुमारे दोनशेवा भागच उरतो. तेवढ्यानेही एकाचा बळी घेतला व इतर अनेकांना रुग्णालयात जावे लागले. येथेही ‘जुने’ म्हणजे ‘रिकामे’ असाच हिशेब झाला होता.

उलट चूकही होते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. खरोखर रिकामी झालेली पेटी पिवळ्या लेबलासकट परत पाठवली, किंवा तीत दुसराच माल भरला, तर वाटेतील प्रत्येकाला अकारण भय दाखवले जाते. आणि असे चार वेळा घडले की पाचव्या वेळी भरलेल्या पेटीलाही कोणी भीत नाही. म्हणून रुग्णालयात औषधाची कुपी काढून घेतल्यावर विकिरण सुरक्षा अधिकारी पेटीवर मापक फिरवतो, पृष्ठभाग कागदाच्या चकतीने पुसून त्या चकतीचीही मोजणी करतो, आणि दोन्ही आकडे मर्यादेच्या आत आले म्हणजेच लेबले खरवडून काढली जातात किंवा पूर्णपणे झाकली जातात. त्यानंतरच ती पेटी भांडारात जाते.